शहरातून एका दिवसाची वाइन-सहल: किती वाइनरी पाहाव्यात आणि चव कशी घ्यावी

आपला प्रश्न असा आहे : कामानिमित्त आपण ज्या शहरात जाणार आहात, तेथून दोन तासांच्या आत द्राक्षमळ्यांचा प्रदेश आहे, हाताशी एकच मोकळा दिवस आहे, सोबत मद्य न घेणारी पत्नी आहे आणि वाइनविषयी आपल्याला फारशी माहिती नाही. अशा वेळी गाडी भाड्याने घेऊन स्वतः जावे की मार्गदर्शकासह निघणारी सहल घ्यावी, आणि सहल घ्यायची ठरली तर चार वाइनरी दाखवणारी घ्यावी की दोनच दाखवणारी? मी बरीच वर्षे अशा सहलींवर मार्गदर्शक म्हणून काम केले आहे आणि वाइनची चव कशी घ्यावी हे शिकवतो, म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. मार्गदर्शकासह जावे, लहान गटातून जावे आणि दोनच वाइनरी असलेली सहल निवडावी. जाहिरातीत चार वाइनरी आणि वीस प्रकार लिहिलेली सहल तेवढ्याच पैशांत मिळत असली तरी तिचा मोह टाळावा, कारण अशा दिवसात पहिल्या दोन तासांनंतर माणूस चव घेत नसतो, नुसता पीत असतो.

हे मत आवडीनिवडीचे नाही, हिशेबाचे आहे, म्हणून हिशेबच मांडतो. चवीसाठी ग्लासात साधारण तीस ते पन्नास मिलिलिटर वाइन ओततात. चाळीस मिलिलिटर धरले आणि एका वाइनरीत पाच प्रकार असले, तर चारऐवजी तीनच वाइनरी धरल्या तरी सहाशे मिलिलिटर वाइन होते. नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची असते, म्हणजे चार-पंचमांश बाटली एकट्याच्या पोटात गेली. वाइनमध्ये १३ टक्के अल्कोहोल धरले तर त्यात ७८ मिलिलिटर, म्हणजे वजनाने सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. प्रौढ माणसाचे यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल पचवते. या हिशेबाने शेवटचा ग्लास रिकामा झाल्यावर, वाटेत थोडे पचले असे धरूनही, उरलेले अल्कोहोल पचवायला शरीराला कित्येक तास लागतात. आता दुसरी सहल पाहा. दोन वाइनरी, प्रत्येकी चार प्रकार, प्रत्येक ओत तीस मिलिलिटरचा. एकूण २४० मिलिलिटर वाइन आणि सुमारे २५ ग्रॅम अल्कोहोल. यातली बरीचशी वाइन थुंकून टाकली तर आकडा आणखी खाली येतो. पहिल्या सहलीत दुपारी तीननंतर दाखवलेले काहीही लक्षात राहत नाही. दुसऱ्या सहलीत सायंकाळी परतताना सकाळच्या पहिल्या ग्लासाविषयीही बोलता येते.

अल्कोहोलचा प्रश्न बाजूला ठेवला तरी जिभेचा प्रश्न उरतोच. तांबड्या वाइनमध्ये टॅनिन असते, ते लाळेतील प्रथिनांना धरून ठेवते आणि त्यामुळे तोंड कोरडे, खरखरीत वाटते. एकामागून एक तांबड्या वाइन घेत गेले की हा तुरटपणा साचत जातो आणि सातव्या-आठव्या ग्लासातली वाइन प्रत्यक्षात असेल त्याहून कडक वाटू लागते. नाकाचेही तसेच आहे. एकाच प्रकारचा वास सतत घेत राहिले की नाक त्याची दखल घेणे थांबवते. व्यवसायाने चव घेणारे लोक दिवसभरात पुष्कळ प्रकार तपासतात हे खरे, परंतु ते सारे थुंकतात, मध्ये पाणी पितात, विश्रांती घेतात आणि त्यामागे त्यांचा अनेक वर्षांचा सराव असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने दिवसभरात आठ ते दहा प्रकारांवर थांबावे, हे माझे ठाम मत आहे.

स्वतः गाडी चालवत जाण्याविषयी मी सरळ नकोच म्हणेन. युरोपातील बऱ्याच देशांत चालकासाठी रक्तातील अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे, तर चेकिया आणि हंगेरीत ती शून्य आहे. इतरत्रही नवशिक्या चालकांसाठी नियम अधिक कडक असू शकतात. थुंकणाऱ्यानेही या भरवशावर राहू नये, कारण थोडी वाइन नकळत गिळली जाते आणि थोडे अल्कोहोल तोंडातूनही शोषले जाते. आपल्या पत्नी मद्य घेत नसल्याने त्या गाडी चालवतील, असा विचार आपल्या मनात आला असेल. तसे केल्यास मळ्यांमधल्या अनोळखी, अरुंद रस्त्यांवर गाडी चालवण्याचे काम त्यांच्या वाट्याला येईल आणि दोघांपैकी एकाची सहल होणारच नाही. काही ठिकाणी रेल्वेचा पर्याय चांगला असतो. फ्रान्समधील बोर्दो शहरातून सँ-एमिलियाँ हे द्राक्षमळ्यांचे गाव सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे आणि तेथे थेट रेल्वे जाते. व्हिएन्नात तर शहराच्या हद्दीतच शेकडो हेक्टर द्राक्षमळे आहेत, तेथे सार्वजनिक वाहनाने जाता येते. परंतु अशा वेळी वाइनरीची वेळ आधी ठरवणे, एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात पोहोचणे आणि तेथील माणसाला काय विचारावे हे माहीत असणे, हे सारे आपल्यावर येते. पहिल्या खेपेला हे काम मार्गदर्शकाकडे सोपवणे शहाणपणाचे आहे.

आता सहल निवडायची कशी, ते पाहू. सर्वांत आधी प्रवासाचा वेळ काढावा. शहर आणि मळे यांच्यातील अंतर जाहिरातीत किलोमीटरमध्ये दिलेले असते, पण आपल्याला तास हवे असतात. केपटाऊनहून स्टेलनबॉश सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, तेथे दिवसभरात निवांतपणे दोन काय, तीन वाइनरीही पाहता येतात. याउलट पोर्तुगालमधील पोर्तोहून दुरो खोऱ्यातील पिन्यांव गावी जायला रेल्वेनेही सुमारे अडीच तास लागतात. ते खोरे पाहण्यासारखे आहेच. त्याच्या सीमा १७५६ साली आखण्यात आल्या आणि राज्याच्या आज्ञेने हद्द ठरवलेल्या जगातील अगदी जुन्या वाइन-प्रदेशांत त्याची गणना होते. मात्र जाण्यायेण्यात पाच तास गेल्यावर तीन वाइनरी बसवणाऱ्या सहलीत प्रत्येक ठिकाणी जेमतेम पाऊण तास मिळतो. एका वाइनरीला दीड तास हवा. त्यात वीस-पंचवीस मिनिटे मळा आणि तळघर पाहण्यात जातात, पाऊण तास चव घेण्यात जातो आणि उरलेला वेळ प्रश्न विचारण्यासाठी राहतो. हा वेळ मिळत नसेल तर वाइनरीची संख्या कमी करावी, वेळ कमी करू नये.

त्यानंतर गटाचा आकार विचारावा. आठ जणांपर्यंतचा गट असेल तर तळघरात सगळ्यांना ऐकू येते, पिंपातून थेट काढलेला नमुना सगळ्यांना मिळू शकतो आणि प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही. चाळीस जणांच्या बसमधून गेल्यास वाइनरीही आपल्याला मोठ्या दालनात बसवते, आधीच ओतून ठेवलेले ग्लास समोर असतात आणि सांगणाऱ्याला प्रत्येकाकडे पाहायला सवड नसते. तिसरी गोष्ट मार्गदर्शकाची. काही सहलींत चालकच मार्गदर्शक असतो. तो प्रदेश उत्तम जाणणारा असू शकतो, पण रस्त्यावर लक्ष ठेवून तो फार बोलू शकत नाही. सहल आयोजित करणाऱ्याला ‘ग्लासात ओतताना आमच्याशी कोण बोलणार आहे?’ असा थेट प्रश्न लिहून पाठवावा. उत्तर जर ‘वाइनरीतील माणूस बोलेल, आमचा मार्गदर्शक भाषांतर करेल आणि पूरक माहिती देईल’ असे आले, तर सहल चांगली असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच पत्रात चव घेण्याचे शुल्क, जेवण आणि पाणी एकूण रकमेत धरले आहे का आणि वाइन विकत घेणे बंधनकारक आहे का, हेही विचारून घ्यावे. काही ठिकाणी चव घेण्याचे शुल्क खरेदी केल्यास माफ होते. ते गैर नाही, परंतु ते आधी माहीत असले म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत संकोचापोटी खरेदी होत नाही.

वाइनरी मोठी असावी की लहान, यावर बराच वाद होतो. माझ्या मते दोन वाइनरींपैकी एक मोठी आणि एक लहान असावी. मोठ्या ठिकाणी पोलादी टाक्यांच्या रांगा, बाटल्या भरण्याची यंत्रे आणि प्रयोगशाळा पाहायला मिळते, आणि इतक्या प्रमाणावर दरवर्षी एकसारखी चव राखणे किती कठीण आहे हे कळते. लहान ठिकाणी बहुधा छाटणी करणारा, द्राक्षे तोडणारा आणि आपल्यासमोर ओतणारा माणूस एकच असतो. त्याला ‘गेल्या हंगामात कोणता निर्णय अवघड गेला?’ असे विचारले की तो पाऊस, बुरशी, तोडणीचा दिवस आणि आंबवणीचे तापमान यांविषयी जे सांगतो, ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. क्रम ठरवण्याची मुभा असेल तर लहान वाइनरी सकाळी घ्यावी, कारण तेव्हा आपले लक्ष ताजे असते.

दिवस निवडता येत असेल तर आठवड्याच्या मधला निवडावा. शनिवार-रविवारी गर्दी असते, आणि रविवारी अनेक लहान वाइनरी बंदही असतात. ऋतूचा विचार करताना उत्तर गोलार्धात तोडणी साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर आणि दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते, हे लक्षात ठेवावे. तोडणीच्या दिवसांत जावे असे सर्वांनाच वाटते. त्या दिवसांत चिरडलेल्या द्राक्षांचा आणि यीस्टचा वास सगळीकडे भरलेला असतो, टाकीत वर येणारा सालींचा थर खाली दाबण्याचे काम चालू असते आणि ते पाहणे हा आनंदच आहे. पण वाइनरीतील माणसांना बोलायला सवड नसते आणि काही ठिकाणी त्या काळात पाहुण्यांना घेतच नाहीत. शिवाय आंबवणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खाली साचतो, म्हणून उघड्या टाकीत वाकून पाहण्याचा मोह मार्गदर्शकाने सांगेपर्यंत टाळावा. तोडणी नुकतीच संपल्यावरचा काळ किंवा वसंत ऋतू पहिल्या भेटीसाठी मला अधिक चांगला वाटतो.

सकाळी निघताना पोटभर न्याहारी करावी. अन्नामुळे अल्कोहोल रक्तात हळूहळू उतरते आणि उपाशीपोटी घेतलेल्या वाइनचा आम्लपणा पोटाला बाधतो. अत्तर, सुगंधी तेल आणि तीव्र वासाचे लोशन त्या दिवशी लावू नये. हा शिष्टाचाराचा भाग नाही. शेजारच्या माणसाच्या अत्तराच्या वासापुढे ग्लासातील नाजूक वास खरोखरच कळत नाही. दात घासल्यानंतर लगेच वाइन घेतल्यास ती विचित्र कडवट लागते, म्हणून मध्ये तासभर तरी जाऊ द्यावा. तळघरात उन्हाळ्यातही गारवा असतो, त्यामुळे एक पातळ स्वेटर आणि चिखलात चालतील असे सपाट बूट असावेत. पाण्याची बाटली प्रत्येकाची स्वतंत्र असावी आणि जेवढी वाइन घेतली त्याच्या दुप्पट तरी पाणी प्यावे.

वाइनरीत पोहोचल्यावर तळघर पाहण्याचा भाग अनेकांना चव घेण्याआधीचा सोपस्कार वाटतो, पण ग्लासात जे कळणार आहे त्याची कारणे तेथेच असतात. एकच गोष्ट सांगतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस मुळात रंगहीन असतो. तांबडा रंग आणि टॅनिन सालींतून येतात. म्हणून तांबड्या वाइनसाठी रस सालींसह आंबवतात, तर पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी दाबून रस वेगळा काढतात. रोझे म्हणजे गुलाबी वाइनमध्ये सालींचा आणि रसाचा सहवास काही तासांचाच असतो. टाकीसमोर उभे राहून ‘यात साली किती दिवस राहिल्या?’ एवढे जरी विचारले, तरी पुढे ग्लासातला रंग आणि तुरटपणा यांचा अर्थ लागू लागतो. ओकच्या लाकडाची पिंपे दिसली की त्यांचे वय विचारावे. बोर्दो पद्धतीचे पिंप २२५ लिटरचे असते. नव्या पिंपातून व्हॅनिला, लवंग, भाजलेल्या लाकडासारखे वास वाइनमध्ये उतरतात, तर तीन-चार वेळा वापरलेल्या पिंपातून वास फारसा येत नाही. मात्र लाकडातून झिरपणाऱ्या थोड्याशा हवेमुळे वाइन मऊ होत जाते.

आता प्रत्यक्ष चव घेण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सहलीचा सारा उपयोग येथे ठरतो. समोर बहुधा वर निमुळत्या होत जाणाऱ्या तोंडाचा ग्लास असेल. चव घेण्यासाठीच्या ग्लासाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९७७ साली ठरले, त्यातील ग्लास सुमारे २१५ मिलिलिटरचा असून त्यात पन्नास मिलिलिटरच ओतायचे असते. वरची रिकामी जागा वास साठण्यासाठी असते. ग्लास दांडीला धरावा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही. आधी पांढऱ्या पार्श्वभूमीवर तिरका धरून रंग पाहावा. मग ग्लास न हलवता एकदा वास घ्यावा, त्यानंतर टेबलावरच ग्लास गोल फिरवून दुसऱ्यांदा घ्यावा. दोन्ही वासांत फरक असतो, कारण फिरवल्याने वाइनचा पृष्ठभाग वाढतो आणि आधी दबलेले वास वर येतात. लांब लांब श्वास घेण्यापेक्षा दोन-तीन आखूड श्वास अधिक उपयोगी पडतात.

यानंतर चमचा-दोन चमचे वाइन तोंडात घेऊन ती सगळीकडे फिरवावी आणि लगेच गिळण्याची घाई करू नये. या वेळी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. तोंडाला पाणी सुटते का? जितके अधिक सुटेल तितकी आम्लता अधिक. हिरड्या आणि गाल आतून आवळल्यासारखे होतात का? तो टॅनिनचा परिणाम. जास्त वेळ उकळलेल्या काळ्या चहाने तोंड जसे होते तसाच हा तुरटपणा असतो. घशाशी ऊब जाणवते का? ती अल्कोहोलची. आणि जिभेवर खरोखर गोडवा आहे का, की फळांच्या वासामुळे ती गोड असल्याचा भास होतो? या शेवटच्या प्रश्नात नवखे लोक हमखास चकतात. पिकलेल्या आंब्यासारखा किंवा लीचीसारखा वास येणाऱ्या वाइनमध्ये लिटरमागे चार ग्रॅमपेक्षाही कमी साखर असू शकते. खात्री करायची असेल तर क्षणभर नाक चिमटीत धरून एक घोट घ्यावा. वास बंद झाला की गोडव्याचा भास निघून जातो आणि जिभेवरचे सत्य उरते. वाइन थुंकल्यानंतर किंवा गिळल्यानंतर चव किती वेळ टिकते, हेही मनात मोजावे. पुष्कळ चांगल्या वाइन या शेवटच्या टप्प्यावरच ओळखू येतात.

थुंकण्याविषयी लोकांना अवघडल्यासारखे होते, म्हणून मुद्दाम सांगतो. टेबलावर त्यासाठी ठेवलेले भांडे वापरणे हा वाइनरीचा अपमान नाही. उलट आपण लक्ष देऊन चव घेत आहात, असे यजमान समजतो. उरलेली वाइन त्याच भांड्यात ओतून देणेही योग्यच आहे. भांडे दिसत नसेल तर मागून घ्यावे. प्रत्येकाला एक कागदी पेला वेगळा दिल्यास अवघडलेपणा आणखी कमी होतो.

वाइनचा क्रम साधारणपणे हलक्याकडून जडाकडे, कोरड्याकडून, म्हणजे गोडवा नसलेल्या वाइनकडून, गोडाकडे आणि पांढऱ्याकडून तांबड्याकडे असतो. गोड वाइननंतर कोरडी घेतली तर ती अकारण आंबट लागते, एवढे कारण त्यासाठी पुरेसे आहे. मात्र माझी एक आवर्जून विनंती आहे. वाइनरीत एकाच द्राक्षाच्या, एकाच वर्षाच्या, एक पोलादी टाकीत आणि एक ओकच्या पिंपात ठेवलेल्या अशा दोन वाइन असतील, तर त्या शेजारी शेजारी ओतून देण्यास सांगावे. समजा, द्राक्ष शार्दोने आहे. टाकीतल्या ग्लासात हिरवे सफरचंद, लिंबू असा सरळ, टवटवीत वास येतो आणि चव जिभेवरून चटकन निघून जाते. पिंपातल्या ग्लासाचा रंग किंचित गडद सोनेरी असतो, वासात व्हॅनिला आणि भाजलेला सुकामेवा मिसळलेला असतो आणि वाइन तोंडात अधिक जाड, गुळगुळीत वाटते. त्यात लोण्यासारखा वास आला तर त्याचे कारण बहुधा लाकूड नसते. धारदार मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करणारे जिवाणू डायअॅसिटिल नावाचे द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास असतो. हे दोन ग्लास दहा मिनिटे आलटून पालटून घेतले तर जे कळते, ते वेगवेगळ्या दहा वाइन एकेकदा घेऊन कळत नाही.

मार्गदर्शक किंवा यजमान ‘यात काळ्या मनुका, चामडे आणि तंबाखू जाणवेल’ असे सांगेल आणि आपल्याला त्यातले काहीच जाणवणार नाही, अशी वेळ नक्की येईल. त्यामुळे खट्टू होऊ नये. सूचनेचा आणि डोळ्यांचा वासावर किती परिणाम होतो, हे बोर्दोतील एका प्रसिद्ध प्रयोगाने दाखवले आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वाइनचे शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन आणि तीच वाइन गंधहीन तांबडा रंग मिसळून दिली गेली. रंग दिलेल्या वाइनचे वर्णन त्यांनी तांबड्या वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत केले. शिकणाऱ्यांची ही स्थिती, तर आपण इतरांच्या शब्दांवर विसंबून राहण्याचे कारण नाही. म्हणून यजमान बोलण्याआधी स्वतःला जे वाटले ते वहीत दोन शब्दांत लिहावे आणि मग ऐकावे. ओल्या मातीचा वास आला, कैरीची आठवण झाली, तर तेच लिहावे. स्वतःच्या स्मृतीतले शब्द पुढच्या वेळी ती वाइन ओळखायला कामी येतात. दुसऱ्याचे शब्द संध्याकाळपर्यंत विसरले जातात. मी चांगल्या मार्गदर्शकाची पारख यावरूनच करतो की, तो आधी विचारतो आणि नंतर सांगतो.

जेवण दोन वाइनरींच्या मध्ये असावे, दिवसाच्या शेवटी नसावे. आपण शाकाहारी असाल तर जेवणाबरोबरच वाइनविषयीही विचारावे. वाइन स्वच्छ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्यातील पांढरा भाग, दुधातील केसीन, जिलेटिन किंवा माशांपासून मिळणारा आयसिंग्लास वापरतात. ही द्रव्ये गाळाबरोबर खाली बसतात आणि काढून टाकली जातात, तरीही ज्यांना ती नकोत त्यांनी बेंटोनाइट मातीने स्वच्छ केलेली किंवा अजिबात स्वच्छ न केलेली वाइन मागावी. बहुतेक वाइनरींना हा प्रश्न नवा नसतो. जेवताना एखादी वाइन अन्नाबरोबर आणि अन्नाशिवाय अशी दोन्ही प्रकारे घेऊन पाहावी. खारट, स्निग्ध पदार्थाबरोबर तुरट तांबडी वाइन किती सौम्य होते आणि तिखट पदार्थाबरोबर अल्कोहोलची आग कशी वाढते, हे एका घासात कळते.

आता आपल्या पत्नींविषयी. मद्य न घेणाऱ्या व्यक्तीसाठी हा दिवस कंटाळवाणा होईल ही भीती चार वाइनरींच्या सहलीत खरी ठरते, दोन वाइनरींच्या सहलीत बहुधा ठरत नाही. वास घेण्यासाठी मद्य प्यावे लागत नाही, आणि या साऱ्या विषयाचा मोठा भाग वासाचाच आहे. ज्या व्यक्ती घोटही घेत नाहीत त्यांचे नाक दिवसभर ताजे राहते, आणि दुपारनंतर गटात सर्वांत नेमके वर्णन त्यांच्याकडूनच येते, असा माझा अनुभव आहे. सहल ठरवतानाच ‘एक व्यक्ती चव घेणार नाही’ असे कळवावे. काही आयोजक त्यांच्यासाठी शुल्क कमी करतात आणि काही वाइनरी वाइनच्याच जातीच्या द्राक्षांचा न आंबवलेला रस देतात. तो रस आणि त्याच द्राक्षाची वाइन यांचा वास शेजारी ठेवून घेणे दोघांसाठीही फार बोधप्रद असते. गरोदरपणात किंवा अल्कोहोल वर्ज्य असलेली औषधे चालू असताना मात्र नुसती चव घेऊन थुंकणेही टाळावे.

शेवटचा विषय खरेदीचा. पहिल्या वाइनरीत आवडलेली बाटली लगेच घेण्यापेक्षा वहीत खूण करून ठेवावी आणि निघण्यापूर्वी दहा मिनिटे आधी, पाणी पिऊन, तिचा पुन्हा एक लहान घोट मागावा. दुसऱ्यांदाही तितकीच आवडली तर घ्यावी. जी वाइन आपल्या शहरातील दुकानात सहज मिळते ती वाहून नेण्यात अर्थ नाही. लहान वाइनरीतली, बाहेर न जाणारी एखादी बाटली घ्यावी. ती गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवू नये, कारण उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तापमान इतके चढते की वाइन फुगून बूच वर सरकते आणि चव शिजल्यासारखी होते. थंड राहणारी पेटी गाडीत आहे का, हे मार्गदर्शकाला सकाळीच विचारावे. नसेल तर बाटल्या आपल्या आसनाजवळ, सावलीत ठेवाव्यात.

विमानाने परतताना बाटल्या चेक-इन सामानातच द्याव्या लागतात, कारण हातातील सामानात द्रवासाठी १०० मिलिलिटरची मर्यादा बहुतेक विमानतळांवर आजही लागू आहे. हवाई सुरक्षेच्या नियमांनुसार २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयांना चेक-इन सामानात प्रमाणाचे बंधन नसते, आणि पोर्टसारखी अल्कोहोल मिसळून कडक केलेली वाइनही सहसा याच मर्यादेत बसते. मात्र सामानाचे वजन आणि ज्या देशात उतरायचे तेथील सीमाशुल्काची मर्यादा वेगळी पाहावी लागते. बाटली कपड्यांच्या मधोमध, जाड पिशवीत गुंडाळून ठेवावी. घरी पोहोचल्यावर ती आडवी करून अंधाऱ्या, गार जागी दोन-तीन आठवडे राहू द्यावी आणि मगच उघडावी. गाळ असलेली जुनी वाइन असेल तर उघडण्याच्या आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो आणि वरची वाइन स्वच्छ ओतता येते.